साथीची कुणकुण: बातम्या वाचणाऱ्या यंत्रांचा मागचा प्रवास

साथ आटोक्यात ठेवण्यासाठी कृत्रिम बुद्धिमत्ता म्हटले की कोविडमधले एक्स-रे वाचणारे प्रोग्रॅम किंवा आरोग्य सेतू अ‍ॅप आठवते. पण या तंत्रज्ञानाचा त्याहून जुना, आणि माझ्या मते सर्वांत मोलाचा, उपयोग साथीची पहिली कुणकुण पकडण्याचा आहे.

कॅनडाने जागतिक आरोग्य संघटनेच्या सहकार्याने १९९७ मध्ये 'जीफिन' ही यंत्रणा उभी केली. जगभरच्या बातम्या चाळून त्यांतून आजाराच्या खुणा शोधायच्या, एवढेच तिचे काम. नोव्हेंबर २००२ मध्ये चीनमधल्या विचित्र फ्लूची चिनी बातमी तिने पकडलीही. पण इंग्रजीत फक्त मथळा आला, आत काय लिहिलेय ते कोणी वाचले नाही. तोच पुढे सार्स हा श्वसनाचा जीवघेणा आजार निघाला आणि ७७४ जणांचा जीव गेला. त्यानंतर २००५ च्या आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमांनी वर्तमानपत्रांसारख्या अनौपचारिक माहितीवरूनही संबंधित देशाकडे विचारणा करण्याची मुभा संघटनेला दिली.

गूगलने २००८ मध्ये लोकांच्या सर्चवरून फ्लूचा अंदाज बांधायला घेतला. २००९ च्या स्वाइन फ्लूची पहिली लाट त्यातून निसटली, २०१२-१३ च्या हंगामात आकडा जवळपास दुप्पट फुगला आणि २०१५ मध्ये तो प्रयोग गुंडाळला गेला. टोरांटोत सार्सचे रुग्ण पाहिलेले डॉ. कामरान खान यांच्या 'ब्लूडॉट' या कंपनीने मात्र ३१ डिसेंबर २०१९ लाच वुहानबद्दल आपल्या ग्राहकांना सावध केले होते. विमान तिकिटांच्या माहितीवरून हा आजार आधी कुठल्या शहरांत पोचेल, हेही त्यांनी मांडले.

आपल्याकडे २००४ पासून एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रम आहे. त्यात उपकेंद्रातून दर आठवड्याला कागदी फॉर्म वर जायचे. २००८ मध्ये दिल्लीत बातम्या चाळणारा कक्ष सुरू झाला, तिथे माणसे बसून पेपर वाचत. २०२२ पासून हे काम मुंबईच्या वाधवानी एआय या संस्थेने बनवलेली 'हेल्थ सेंटिनेल' ही प्रणाली करते, तेही १३ भाषांत.

हे वाटते तितके सोपे नाही. 'दूषित पाण्यामुळे गावात गॅस्ट्रोची साथ, ४० जण रुग्णालयात' या ओळीतून यंत्राने आजार, ठिकाण आणि आकडा वेगळा काढायचा, आणि 'शहराला क्रिकेटचा ज्वर' ही ओळ सोडून द्यायची. ३० कोटींहून अधिक बातम्या चाळून यंत्राने सुमारे ९५ हजार घटना वेचल्या. त्यातल्या साडेतीन हजारांच्या आसपास घटना तज्ज्ञांनी संभाव्य उद्रेक म्हणून निवडल्या. ही निवड माणसांच्या हाती ठेवली, हे मला फार योग्य वाटते. पुढे गावात जाऊन पाण्याचे नमुने घ्यायला आरोग्य कर्मचारीच लागतो. आणि ज्या पाड्यावर वार्ताहर फिरकतच नाही, तिथली साथ अजूनही आशाताईंच्या घरभेटीतूनच कळते.