लॉगिन होत नसेल तर आधी हात थांबवा

आम्ही दुकानांत आणि संस्थांत सर्व्हर, म्हणजे बाकीचे कॉम्प्युटर ज्याला जोडलेले असतात तो मुख्य कॉम्प्युटर, बसवतो. आम्हाला सगळ्यात जास्त फोन येतात ते एकाच वाक्याचे: "लॉगिन होईना." पतसंस्था असो, आडत दुकान असो की डाळ मिल, लातूरपासून उदगीरपर्यंत हेच. मूळ अडचण बहुतेक वेळा दोन मिनिटांची असते. आमचा फोन लागेपर्यंत ती वाढलेली असते.

कशी वाढते, ते सांगतो. पासवर्ड घेतला नाही की माणूस तोच पुन्हा टाकतो, मग बटणं जोरात दाबून टाकतो. तेवढ्यात शेजारचा म्हणतो, "सरका, मी बघतो." आम्ही बसवलेल्या सर्व्हरवर पासवर्ड ५ वेळा चुकला की ते लॉगिनचं खातं ३० मिनिटांसाठी लॉक होतं. त्या वेळात बरोबर पासवर्ड टाकला तरी ते उघडत नाही. मग ग्राहकाला वाटतं, पासवर्डच उडाला.

सोयाबीनची आवक जोरात असताना मोंढ्यातल्या एका आडत दुकानात असंच झालं. मुनीमजींनी सकाळी मराठीत नोटीस टाइप केली होती, कीबोर्ड मराठीवरच राहिला. पासवर्ड बरोबर होता, पण उमटत होती मराठी अक्षरं. त्यांचं खातं लॉक झालं, मग त्याच कीबोर्डवर बाकीच्या तिघांनीही आपापली खाती लॉक करून घेतली. शेतकरी पट्टीसाठी, म्हणजे विकलेल्या मालाच्या हिशेबासाठी, ताटकळत उभे. आम्ही पोचलो, भाषा इंग्रजी केली, लॉक काढलं आणि काम सुरू झालं.

म्हणून एवढं पाळा: दोनदा चुकलं की तिसऱ्यांदा टाकू नका. आधी पडद्यावर खाली उजवीकडं भाषा कोणती आहे ते पाहा. मराठी असेल तर विंडोज बटण धरून स्पेस दाबा. कॅप्स लॉक आणि नम लॉक पाहा. पासवर्डच्या चौकटीत डोळ्याचं चिन्ह असेल तर ते दाबून काय उमटतंय ते वाचा, मगच एंटर.

नुकताच पासवर्ड बदलला असेल आणि खातं पुन्हा पुन्हा लॉक होत असेल, तर बहुतेक वेळा दुसऱ्या एखाद्या कॉम्प्युटरवर तुमचंच लॉगिन उघडं राहिलेलं असतं. तो जुनाच पासवर्ड पाठवत राहतो. तिथून लॉगआउट करा.

लाइट जाऊन आल्यावर सर्व्हर पूर्ण सुरू व्हायला वेळ लागतो, दहा मिनिटं थांबा. जुन्या कॉम्प्युटरवर तारीख-वेळही पाहा. आतला नाण्याएवढा सेल संपला की लाइट गेल्यावर घड्याळ मागं पडतं, आणि सर्व्हरच्या वेळेत ५ मिनिटांहून जास्त फरक असेल तर लॉगिन अडतं. हा सेल स्वस्त असतो. वार्षिक करारातल्या ग्राहकांचे सेल आम्ही दरवर्षी तपासतो आणि लागेल तिथं बदलतो.

"ते लॉकच काढून टाका" असं बरेच जण म्हणतात. त्रास आम्हाला समजतो, पण लॉक नसेल तर कुणीही रात्रभर बसून पासवर्डचे अंदाज बांधू शकतो. "सगळ्यांना एकच पासवर्ड द्या" हेही आम्ही करत नाही. पतसंस्थेत एखादी नोंद चुकली तर ती कुणाच्या नावानं झाली हे दिसायलाच हवं, नाहीतर संशय सगळ्या कर्मचाऱ्यांवर येतो. लॉक काढायला सांगणारा फोन आला की आम्ही तुमच्या नोंदवलेल्या नंबरवर उलट फोन करतो, तोही याच काळजीपोटी.

करारातल्या ग्राहकांचं लॉक आम्ही इथूनच काढतो, त्याचे वेगळे पैसे नाहीत. करार नसेल तर भेटीचा आकार लागतो, आणि उदगीरला जाऊन येण्यात आमचा अर्धा दिवस जातो.

फोन करण्याआधी पडद्यावर आलेल्या संदेशाचा फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा. पासवर्ड चुकला, खातं लॉक झालं, वेळ जुळत नाही, सर्व्हर सापडत नाही, हे चार वेगळे संदेश आहेत. फोटो आला की निघण्याआधीच कळतं, पिशवीत सेल घ्यायचा की केबल, की निघायची गरजच नाही.