जनुकीय बदल केलेले यीस्ट संशोधनासाठी मागवताना: पात्रता, कागदपत्रे आणि क्रम

पावासाठी वापरतात तेच यीस्ट, त्यातले एखादे जनुक काढलेले. त्यासाठी एवढे कागद? पहिल्यांदा अर्ज करणारा हे विचारतोच. हे यीस्ट, म्हणजे सॅकरोमायसिस सेरेव्हिसी, सर्वांत कमी जोखमीच्या गटात मोडते, हे खरे. पण काढलेल्या जनुकाच्या जागी बहुधा जिवाणूकडून घेतलेले, जी४१८ या औषधाला दाद न देणारे जनुक बसवलेले असते. म्हणून नियम लागू होतात.

जर्मनीतील युरोस्कार्फ किंवा अमेरिकेतील एटीसीसीसारख्या सूक्ष्मजीव-संग्रहांकडे मागणी संस्थेमार्फत, प्रयोगशाळाप्रमुखाच्या नावाने करावी. विद्यार्थ्याने फॉर्म भरला तरी चालतो, सही मात्र त्याची चालत नाही.

सुरुवात संस्थेच्या जैवसुरक्षा समितीपासून करा. अर्जात प्रयोगाचा हेतू, प्रयोगशाळेची सुरक्षा पातळी, कचरा नष्ट करण्याची पद्धत आणि मुख्य म्हणजे स्ट्रेनचा (यीस्टच्या त्या विशिष्ट वाणाचा) पूर्ण जनुकप्रकार, म्हणजे त्यात कोणती जनुके बदललेली आहेत याची नोंद, लागतो. बहुतेक अर्ज इथेच परत येतात, कारण नुसते ‘म्युटंट यीस्ट’ लिहिलेले असते. बीवाय४७४१ हे प्रयोगशाळेतले नेहमीचे स्ट्रेन मागवत असाल, तर हिस्टिडिन, ल्युसिन, मेथिओनिन आणि युरासिल ही पोषकद्रव्ये बाहेरून दिल्याशिवाय ते वाढत नाही, हेही लिहा. बाहेर सांडले तर टिकेल का, या समितीच्या शंकेला तेच निम्मे उत्तर आहे.

दुसरा कागद सामग्री हस्तांतरण कराराचा. सर्वांत जास्त वेळ हाच खातो. सही संस्थेच्या अधिकृत प्रतिनिधीची लागते. विभागप्रमुखाची पुरेलच असे नाही. स्ट्रेन तिसऱ्याला देऊ नये, व्यावसायिक वापर करू नये, अशा अटी त्यात असतात. शेजारच्या प्रयोगशाळेकडून ‘असेच’ आणलेले स्ट्रेनही बहुधा त्याच अटींनी बांधलेले असते.

परदेशातून येणार असेल तर आपल्या देशाचा आयात परवाना लागतो का, ते आधी पाहा. २००३ साली लागू झालेल्या कार्टाजेना या आंतरराष्ट्रीय जैवसुरक्षा करारात, बंदिस्त (प्रयोगशाळेतल्या) वापरासाठी येणाऱ्या जनुकीय बदल केलेल्या सजीवांना पूर्वसूचित संमतीच्या, म्हणजे आयात करणाऱ्या देशाला आधी कळवून परवानगी घेण्याच्या, प्रक्रियेतून सूट आहे. देशाचे स्वतःचे नियम मात्र कायम राहतात. पार्सलवर यूएन ३२४५ हा जनुकीय बदल केलेल्या सजीवांच्या वाहतुकीसाठीचा क्रमांक लागतो का, हे पाठवणाऱ्याला विचारून घ्या.

स्ट्रेन हाती आले की लगेच प्रयोगाला लावू नका. वायपीडी या पोषक माध्यमावर ३० अंशांना वाढवा, एकच वसाहत उचला, बदल पीसीआरने (डीएनएचा ठरावीक तुकडा वाढवून पाहण्याच्या चाचणीने) तपासा. लेबल आणि आतले यीस्ट जुळत नाही, असेही घडते. मग ग्लिसरॉल घालून उणे ८० अंशांवर ठेवा आणि नोंदवहीत समितीचा मंजुरी क्रमांक त्याच ओळीत लिहा.