माड वृक्ष की गवत? एका व्याख्येची पार्श्वभूमी

जानेवारी २०१६ मध्ये गोव्याच्या विधानसभेने वृक्षसंरक्षण कायद्याच्या व्याख्येतून माड काढून टाकला आणि ‘माड म्हणजे गवत’ अशी बोलवा देशभर पसरली. समर्थनात पुढे आलेल्या कारणांपैकी एक वनस्पतिशास्त्राचं होतं. माडाला फांद्या नसतात, तो एकदल आहे (म्हणजे त्याच्या बीत एकच दल असतं), म्हणून शास्त्रीय अर्थाने तो वृक्ष नाही. हे कारण सपशेल खोटं नव्हतं. गोंधळ वाढला तो त्यामुळेच.

१९८४ च्या मूळ कायद्यात वृक्षाची व्याख्या फांद्यांवरूनच केली होती: जिच्या फांद्या खोडातून फुटतात आणि खोडावर तोलल्या जातात अशी काष्ठमय वनस्पती. या मापात माड बसत नव्हताच. मागाहूनच्या दुरुस्तीने त्याला नाव घेऊन आत आणलं. म्हणजे कायद्यात तो वृक्ष होता तो नावामुळे, व्याख्येच्या अर्थामुळे नव्हे. २०१६ ला ते नाव गेलं आणि माड तोडायला परवानगीची गरज उरली नाही. सरकारचं म्हणणं असं की म्हातारे, न धरणारे माड काढून नवे लावायचे तर बागायतदाराला कचेरीचे हेलपाटे कशाला? तक्रार रास्त होती, पण त्यासाठी परवानगीची पद्धत सोपी करता आली असती. सांगे तालुक्यातल्या एका नियोजित मद्यप्रकल्पाच्या जागेवरच्या माडतोडीचा वाद तेव्हा ताजा होता. त्यामुळे दुरुस्ती बागायतदारासाठी की जमीनवाल्यांसाठी, हा प्रश्न विचारणाऱ्यांना दोष देता येत नाही.

फांद्यांचा मुद्दा तसा वरवरचाच. खरा फरक खोडाच्या आत आहे. आंबा, फणस, साग यांच्या सालीखाली कॅम्बियमचं पातळ कडं असतं. ते आतल्या बाजूला लाकूड आणि बाहेरच्या बाजूला साल घालत राहतं, म्हणून खोड जाड होत जातं आणि कोयत्याची जखम भरून येते. माडात हे कडंच नाही. पाणी आणि अन्नरस वाहणारी जुडगी खोडभर विखुरलेली असतात. रोप पहिली काही वर्षं जमिनीलगत नुसता बुंधा रुंद करून घेतं, मग त्या बेताचं खोड वर चढतं. पाडेलीने, म्हणजे नारळ काढणाऱ्याने, चढण्यासाठी पाडलेली खाच माड उभा असेतो तशीच राहते. आमच्या आगरातल्या एका माडाचं खोड पुरुषभर उंचीला एकदम बारीक झालंय, वर पुन्हा भरलंय. कुठल्यातरी वाईट वर्षांची ती खूण. आता कितीही खत घाला, ती बुजायची नाही. वाढीचा कोंबही शेंड्याला एकच. गेंड्या भुंग्याने तो पोखरला की माड गेलाच.

या खोडाने युरोपातल्या अभ्यासकांनाही एकदा चकवलं होतं. माडाच्या जातीची खोडं बाहेरून टणक, आत भुसभुशीत. त्यावरून एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला अशी समजूत रूढ झाली की नवं लाकूड गाभ्यात तयार होतं आणि जुनं बाहेर ढकललं जातं. ‘आतून वाढणाऱ्या’ आणि ‘बाहेरून वाढणाऱ्या’ अशी वनस्पतींची विभागणीच त्यावर उभी राहिली. १८३१ च्या सुमारास सूक्ष्मदर्शकाखालच्या बारीक कामाने तिचा पाया निघाला, तरी ते शब्द पुढे कितीतरी वर्षं रेंगाळले. बाहेरची बाजू टणक होते ती वेगळ्याच कारणाने. तिथल्या तंतूंच्या पेशी भिंतींवर सेल्युलोज आणि लिग्निनचे (लाकडाला कडकपणा देणाऱ्या द्रव्याचे) थर वर्षानुवर्षं चढवत राहतात. म्हणून वाशांना जुन्या माडाची बाहेरची फाकच कामाची, गाभा नाही. लिग्निन भरपूर असलेल्या या खोडाला ‘काष्ठमय’ म्हणायला काहीच हरकत नाही.

मग गवताचं काय? माड गवत नाही. गवतांचं कूळ वेगळं, माडांचं वेगळं. पण नातं आहे, आणि ते पेशींच्या भिंतीत सापडतं. माड, गवतं, केळ, हळद या सगळ्यांच्या कोवळ्या पेशीभित्तिकांत फेरुलिक आम्ल बांधलेलं असतं. पातळ काप अतिनील प्रकाशाखाली धरला तर तो निळसर झळकतो, अमोनिया लागला की हिरवट होतो. कांदा आणि लिली एकदल असूनही तसं करत नाहीत. १९९० च्या दशकात डीएनएवरून जी वंशावळ मांडली गेली तिने हाच गट उचलून धरला आणि ‘द्विदल’ हा मात्र एकसंध गट नाही असं दाखवलं. तेव्हा ‘एकदल’, किंवा हल्लीच्या पाठ्यपुस्तकातलं ‘एकबीजपत्री’, हे वंशाचं नाव आहे, आणि ‘वृक्ष’ हा बांध्याचा शब्द. एकदल आहे म्हणून वृक्ष नाही, हा युक्तिवाद पक्षी आहे म्हणून उंच नाही म्हणण्यासारखा आहे.

ते एक दल बघायचं असेल तर मोड आलेला नारळ फोडावा. आत पांढरा, स्पंजासारखा गोळा असतो. तो कवटीच्या पोकळीत फुगत जातो, खोबऱ्यातलं साठवलेलं अन्न विरघळवून कोंबाला पोचवतो आणि स्वतः गोड होतो. कोकणातल्या मुलांनी तो हक्काने खाल्लेला असतो. बाकी पानांच्या समांतर शिरा, तंतुमुळं वगैरे शाळेत झालेलंच आहे.

२०१७ च्या निवडणुकीनंतर गोव्यात नवं आघाडी सरकार आलं आणि माड पुन्हा कायद्याच्या व्याख्येत आला, वर राज्यवृक्षाचा मानही मिळाला. त्याच वर्षी दिल्लीत उलट घडलं. १९२७ च्या भारतीय वन कायद्यात ‘वृक्ष’ या शब्दात ताड-माड, बांबू, वेत, बुंधे, झुडपं असं सगळं कोंबलेलं होतं. इंग्रज अंमलदारांना वनोपजावर ताबा हवा होता, वंशावळ नव्हे. नोव्हेंबर २०१७ च्या अध्यादेशाने आणि त्यामागोमागच्या दुरुस्तीने त्यातून ‘बांबू’ हा शब्द वगळला. बांबू खरोखरच गवत आहे, त्यामुळे इथे वनस्पतिशास्त्र बिनचूक होतं. पण हेतू तोही नव्हता. शेतात लावलेला बांबू तोडून बाजारात न्यायला वाहतूक पास लागत असे, तो अडसर काढायचा होता. गडचिरोलीतल्या मेंढा लेखा गावाने तर २०११ मध्येच स्वतःच्या बांबूचे पास देण्याचा अधिकार मिळवला होता. तो वनहक्क कायद्याच्या आधारे, बांबू हे गौण वनोपज, म्हणजे इमारती लाकूड सोडून जंगलातून मिळणारं उत्पन्न, म्हणून. झाड की गवत हा वाद त्यात आलाच नाही. २०१७ ची सवलत वनक्षेत्राबाहेरच्या बांबूला आहे. जंगलात उभ्या असलेल्या त्याच जातीच्या बेटाला वनखात्याचे नियम अजूनही लागू आहेत.