एमसीबी पडत नाही, तेव्हा गीझरच्या टाकीवर किती व्होल्ट असतात?

जुनं घर भाड्याने देण्यापूर्वी नवा रंग दिला जातो, नळ बदलले जातात आणि मीटरजवळचे चिनीमातीचे किटकॅट फ्यूज काढून तिथे एमसीबी, म्हणजे जादा प्रवाहाला आपोआप पडणारे स्विच, बसवले जातात. मग भाडेकरूला सांगतात, 'वायरिंग नवीन केलंय.' भिंतीतल्या वायरी मात्र ४० वर्षांपूर्वीच्याच असतात. लिव्ह अँड लायसन्सचा करार नोंदवताना वायरिंगचा अहवाल कोणी मागत नाही. इंग्लंडमध्ये २०२० च्या नियमांनुसार खासगी घरमालकाला किमान दर ५ वर्षांनी वायरिंग तज्ज्ञाकडून तपासून घ्यावं लागतं आणि अहवालाची प्रत भाडेकरूला द्यावी लागते. तशी तपासणी आपणही करून घेऊ शकतो. मात्र त्याआधी एक घातक गैरसमज दूर व्हायला हवा, तो म्हणजे एमसीबी शॉकपासून वाचवतो.

एमसीबीचं काम वायर वाचवणं हे आहे. त्याच्यातली द्विधातूची पट्टी जादा लोडने हळूहळू तापून वाकते आणि त्याच्यातलं कॉइल शॉर्टसर्किटच्या मोठ्या प्रवाहाला क्षणात खटका पाडतं. आता गीझरच्या आत फेजची वायर सुटून टाकीच्या पत्र्याला टेकली असं समजा. प्रवाह पत्र्यातून अर्थिंगच्या वायरीत, तिथून इमारतीच्या अर्थिंगच्या खड्ड्यात आणि मातीतून ट्रान्सफॉर्मरकडे जातो. या सगळ्या वाटेचा रोध १० ओहम असेल, तर २३० भागिले १०, म्हणजे २३ अँपिअर प्रवाह वाहील. गीझरला २० अँपिअरचा 'सी' प्रकारचा एमसीबी असतो. तो तत्काळ पडायला पाच ते दहा पट, म्हणजे १०० ते २०० अँपिअर लागतात. २३ अँपिअरला तो तासभरसुद्धा तग धरू शकतो.

त्या वेळात काय घडतं पाहा. दहापैकी ८ ओहम एकट्या खड्ड्याचे असतील, तर २३ गुणिले ८, म्हणजे १८४ व्होल्ट टाकीच्या पत्र्यावर उभे राहतात. त्याच अर्थिंगला जोडलेल्या फ्रिजच्या आणि वॉशिंग मशिनच्या पत्र्यावरही तितकेच! फ्रिजमध्ये काही बिघाड नसताना त्याचा शॉक बसतो तो यामुळे. मातीचा खड्डा कितीही मीठ-कोळसा घालून केला, तरी एमसीबीला क्षणात पाडण्याइतका कमी रोध त्याच्याकडून क्वचितच मिळतो.

इथे आरसीसीबी, म्हणजे गळती ओळखून वीज तोडणारा स्विच, कामाला येतो आणि त्याची रचना फार सुंदर आहे. फेज आणि न्यूट्रल या दोन्ही वायरी एकाच लोहचुंबकीय कड्यातून जातात. फेजमधून गेलेला सगळा प्रवाह न्यूट्रलमधून परतला, तर दोघांची चुंबकीय क्षेत्रं एकमेकांना खोडतात आणि कड्यात काही उरत नाही. थोडा प्रवाह शरीरातून किंवा ओल्या भिंतीतून जमिनीत गेला, की तेवढी तफावत कड्यात चुंबकत्व निर्माण करते, कड्यावरच्या वेढ्यांत विद्युतदाब तयार होतो आणि खटका पडतो. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी १५ ते ३० मिलिअँपिअरच्या दरम्यान पडतो. पत्र्यावरचा व्होल्टेज ५० च्या आत राहायचा, तर ५० भागिले ०.०३, म्हणजे अर्थिंगचा रोध सुमारे १,६०० ओहमपर्यंत चालतो. जिथे एमसीबीला एखाद-दुसरा ओहम हवा, तिथे याला हजाराहून जास्त ओहमची मोकळीक मिळते. जुन्या घरात पहिला खर्च याच्यावर करावा. इन्व्हर्टर एसी आणि इलेक्ट्रॉनिक वॉशिंग मशिनच्या गळतीत डीसीचा अंश असतो. त्याने साध्या 'एसी' प्रकाराच्या आरसीसीबीचं कडं बधिर होऊ शकतं, म्हणून 'ए' प्रकार घ्यावा. फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकदम हातात धरले, तर मात्र त्याला तफावत दिसत नाही. जादा लोडही त्याला कळत नाही, म्हणून एमसीबीही हवेतच.

तपासणीत पहिलं मोजमाप मेगरचं, म्हणजे वायरीच्या वेष्टणाचा रोध मोजणाऱ्या यंत्राचं. मेन बंद करायचा, सगळी उपकरणं आणि बल्ब काढायचे, इन्व्हर्टर सोडवायचा. फेज आणि न्यूट्रल एकत्र जोडून त्यांच्यात आणि अर्थमध्ये ५०० व्होल्ट डीसी द्यायचा. १ मेगाओहमपेक्षा कमी रोध आला, तर ते सर्किट नापास. शक्य असेल तर हे पावसाळ्यात करावं, कारण मे महिन्यात पास झालेली वायर जुलैच्या ओलीत नापास होऊ शकते. मग न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात वेगळं मोजायचं. इथे शून्य ओहम आला, तर कोणीतरी सॉकेटच्या मागे न्यूट्रल आणि अर्थच्या पिना तारेच्या तुकड्याने जोडल्या आहेत. अर्थिंगची वायरच नसलेल्या घरात ही 'युक्ती' सर्रास दिसते. ती जीवघेणी आहे, कारण मागे कुठेही न्यूट्रल तुटला की उपकरणाच्या पत्र्यावर थेट २३० व्होल्ट येतात. तीन दिव्यांचा स्वस्त सॉकेट टेस्टर अशा सॉकेटला 'बरोबर' ठरवतो, म्हणून त्याच्या भरवशावर प्रमाणपत्र घेऊ नये.

प्रत्येक सॉकेटची अर्थची पिन ते मुख्य अर्थ टर्मिनल यांच्यातला रोध १ ओहमच्या आत हवा. दीड चौरस मिलिमीटर तांब्याची २० मीटर वायर जेमतेम पाव ओहम दाखवते, त्यामुळे ३-४ ओहम आले तर कुठेतरी सांधा गंजला आहे किंवा ढिला आहे. शेवटी आरसीसीबी टेस्टरने तपासायचा: १५ मिलिअँपिअरला पडू नये, ३० ला ३०० मिलिसेकंदांत आणि १५० ला ४० मिलिसेकंदांत पडावा. त्याच्यावरचं 'टी' बटण यंत्रणा हलते एवढंच सांगतं, अर्थिंगबद्दल काहीच नाही.

मीटर बोर्ड आग्नेयेला आहे की नाही, याचा यातल्या कुठल्याच आकड्याशी संबंध नाही. वास्तुसल्ल्याच्या पैशांत चांगला आरसीसीबी येतो.

जुन्या घरात आरसीसीबी लावताच तो वारंवार पडू लागतो आणि वायरमन वैतागून त्याला बायपास करतो. बहुतेक वेळा दोष वायरिंगचा असतो. आरसीसीबीनंतर न्यूट्रल कुठेतरी अर्थला टेकलेला असतो, किंवा बेडरूमच्या दिव्याने शेजारच्या सर्किटचा न्यूट्रल उसना घेतलेला असतो. सगळे एमसीबी पाडून एकेक सर्किट जोडत गेल्यास दोषी सापडतं, पण सिंगल पोल एमसीबी न्यूट्रल तोडत नाही, म्हणून डीबीतल्या (एमसीबींच्या पेटीतल्या) न्यूट्रल पट्टीवरूनही वायरी एकेक करून सोडवाव्या लागतात. लाकडी पट्टीवरच्या रबरी वायरीचं वेष्टण बोटाने चुरडलं जात असेल, तर मोजण्यात वेळ घालवू नये, पूर्ण वायरिंग बदलावं. आणि परवानाधारक ठेकेदाराच्या अहवालात सर्किटनिहाय आकडे लिहिलेले नसतील, नुसतं 'वायरिंग ओके' असेल, तर तो परत करून मोजमापं मागावीत.