सीएसएस चीटशीट

कॅस्केडिंग स्टाइल शीट्स म्हणजेच सीएसएस या भाषेतील सिलेक्टर (कुणाला सजवायचे), प्रॉपर्टी (काय बदलायचे), व्हॅल्यू (कसे बदलायचे) आणि एकके यांची एकदोन पानांत मावणारी, नजर टाकताच हवे ते सापडावे अशा बेताने मांडलेली सूची. वेबपानाची सजावट लिहिताना ती शेजारी ठेवतात; कुणी छापून भिंतीला लावतो, कुणी ब्राउझरच्या दुसऱ्या टॅबमध्ये उघडी ठेवतो. भाषा शिकवणे हे तिचे काम नव्हे. शिकलेल्याला ऐन वेळी नेमका शब्द, व्हॅल्यूंचा नेमका क्रम आठवून देणे, एवढेच तिच्याकडून अपेक्षित असते. या नोंदीत प्रॉपर्टींची नावे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. प्रत्यक्ष कोडमध्ये ती रोमन लिपीतच लिहावी लागतात.

पूर्वपीठिका

यंत्राजवळ संदर्भाचे कार्ड ठेवण्याची रीत वेबपेक्षा बरीच जुनी आहे. १९६० च्या दशकात आयबीएमच्या सिस्टिम/३६० या संगणकासोबत सूचनासंचाचे घडीचे हिरवे कार्ड मिळत असे आणि प्रोग्रॅमर ते 'ग्रीन कार्ड' म्हणूनच ओळखत. सीएसएसची चीटशीट याच परंपरेतली.

सीएसएसचा पहिला प्रस्ताव हॉकॉन व्हीयुम ली यांनी सर्न या संशोधनसंस्थेत असताना १० ऑक्टोबर १९९४ रोजी मांडला. पुढे बर्ट बॉस त्यांना येऊन मिळाले आणि डिसेंबर १९९६ मध्ये वेबची मानके ठरवणाऱ्या वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने पहिली आवृत्ती शिफारस म्हणून प्रसिद्ध केली. तिच्यात जेमतेम पन्नासेक प्रॉपर्टी होत्या. मे १९९८ मधील दुसऱ्या आवृत्तीत हा आकडा दुपटीच्या वर गेला. त्यानंतर सगळी भाषा एका दस्तऐवजात कोंबण्याची पद्धत सुटली. रंग, सिलेक्टर, फ्लेक्सबॉक्स (खोकी एका दिशेने मांडणे), ग्रिड (खोकी आडव्या-उभ्या जाळीत मांडणे) अशी विषयवार मॉड्यूल निघाली आणि प्रत्येक आपापल्या गतीने पुढे सरकू लागले. दुसऱ्या आवृत्तीची सुधारित प्रत, म्हणजे २.१, अंतिम शिफारस व्हायला २०११ चा जून उजाडला. आज प्रॉपर्टींची संख्या काही शेकड्यांत आहे. त्या सगळ्या एका पानावर मावणे अशक्य, त्यामुळे चीटशीट म्हटली की निवड आलीच, आणि निवडीत करणाऱ्याची समज दिसते.

चुकीबद्दल मौन

नावे पुष्कळ आहेत एवढ्यावरून मात्र चीटशीटची गरज नीट कळत नाही. खरे कारण भाषेच्या स्वभावात आहे : सीएसएस चुकीबद्दल अवाक्षर काढत नाही. ब्राउझरला न कळलेली प्रॉपर्टी किंवा न पटलेली व्हॅल्यू तो गुपचूप वगळतो आणि पुढच्या ओळीकडे वळतो. हे मुद्दाम ठेवलेले आहे. उद्या भाषेत नवी प्रॉपर्टी आली तर जुन्या ब्राउझरने ती ओलांडून उरलेले पान व्यवस्थित दाखवावे, यासाठीच हा नियम आहे, आणि वेब इतकी वर्षे न मोडता वाढली त्यात या नियमाचा वाटा मोठा आहे.

लिहिणाऱ्याला मात्र त्याची किंमत मोजावी लागते. 'कलर' ही प्रॉपर्टी ब्रिटिश पद्धतीने 'यू' घालून लिहिली की रंग लागत नाही, आणि का लागला नाही हे पान सांगत नाही. गंमत अशी की करड्या रंगाच्या नावात मात्र ब्रिटिश आणि अमेरिकी अशी दोन्ही स्पेलिंग चालतात. एका ओळीच्या शेवटचा अर्धविराम राहिला तर ती ओळ आणि तिच्या पुढची ओळ मिळून एकच निरर्थक विधान होते आणि दोन्ही वाया जातात. हिशेब करून लांबी देणाऱ्या 'कॅल्क' मध्ये बेरीज-वजाबाकीच्या चिन्हाच्या दोन्ही बाजूंना जागा सोडली नाही तर ती व्हॅल्यू बाद. संख्या आणि एकक यांच्यामध्ये जागा सोडली तरीही बाद. शून्य लांबीला एकक लागत नाही, इतर लांबींना लागतेच. अशा ठिकाणी स्मरणशक्तीवर विसंबण्यापेक्षा समोरच्या कागदाकडे पाहणे शहाणपणाचे असते.

रचना

साधारण चीटशीटमध्ये प्रॉपर्टीचे नाव आणि समोर तिच्या चालणाऱ्या व्हॅल्यू असतात. एवढ्यावर थांबलेली चीटशीट अपुरीच म्हणायला हवी. मूळ शिफारशींत प्रत्येक प्रॉपर्टीसोबत एक छोटा तक्ता असतो : चालणाऱ्या व्हॅल्यू, आरंभीची व्हॅल्यू, प्रॉपर्टी कोणत्या एलिमेंटना, म्हणजे पानाच्या घटकांना, लागू पडते, ती पालकाकडून (बाहेरच्या घटकाकडून) मुलाकडे (आतल्या घटकाकडे) उतरते का, आणि टक्केवारी दिली तर ती कशाची. पहिल्या आवृत्तीपासून ही पद्धत चालत आली आहे. जागा वाचवण्यासाठी चीटशीट करणारे नेमके शेवटचे चार रकाने कापतात, आणि अडचणीच्या वेळी उत्तर बहुधा त्यांतच असते.

आरंभीची व्हॅल्यू घ्या. 'डिस्प्ले' या प्रॉपर्टीची आरंभीची व्हॅल्यू 'इनलाइन', म्हणजे ओळीच्या आत, अशी आहे. मग डिव्ह (मजकुराचा गट करणारा एलिमेंट) पूर्ण ओळ का व्यापतो? कारण प्रत्येक ब्राउझरची स्वतःची एक स्टाइलशीट असते आणि तिच्यात डिव्हला 'ब्लॉक' केलेले असते. पानाच्या कडेला आपोआप सुटणारी ८ पिक्सेलची मोकळी जागाही तिथूनच येते. त्यामुळे एखाद्या डिव्हला 'डिस्प्ले: इनिशियल' दिले की तो डिव्हसारखा वागायचे सोडून स्पॅनसारखा, म्हणजे ओळीतल्या मजकुराच्या तुकड्यासारखा, वागू लागतो. ब्राउझरने दिलेले रूप परत हवे असेल तर 'रिव्हर्ट' लिहावे लागते. हे दोन शब्द चीटशीटवर शेजारी शेजारी छापलेले असतात, पण त्यांतला फरक फारच थोड्या ठिकाणी दिलेला आढळतो.

टक्केवारीचा रकाना तर सोन्याच्या मोलाचा. वरचे पॅडिंग (मजकुराभोवतीची आतली मोकळी जागा) १० टक्के दिले तर ते कशाच्या १० टक्के? बहुतेकांना उंचीच्या वाटते. प्रत्यक्षात ते बाहेरच्या खोक्याच्या रुंदीच्या १० टक्के असते. वारशाच्या रकान्याचेही तसेच. रंग आणि फॉन्ट मुलांकडे उतरतात, मार्जिन आणि बॉर्डर उतरत नाहीत. 'लाइन-हाइट' उतरते, पण कशी उतरते हे ती कशी लिहिली यावर ठरते. १६ पिक्सेल अक्षराच्या बॉडीवर, म्हणजे सगळ्या पानावर, ती १.५ एम (एम म्हणजे अक्षराच्या आकाराइतके एकक) लिहिली तर २४ पिक्सेल ही तयार लांबी खाली जाते आणि ३२ पिक्सेलच्या शीर्षकाच्या ओळी एकमेकींवर चढतात. नुसते १.५ लिहिले तर गुणक खाली जातो आणि शीर्षकाला आपसूक ४८ पिक्सेल मिळतात. एककाशिवायचा आकडाच वापरावा.

सिलेक्टर आणि विशिष्टता

सिलेक्टरचा भाग सहसा वरच्या कोपऱ्यात असतो : टॅग (एलिमेंटचा प्रकार), क्लास (अनेकांना देता येणारे नाव), आयडी (एकालाच द्यायचे नाव), थेट मूल, लगतचे भावंड, 'होव्हर' आणि 'फोकस' सारख्या अवस्था. लिंकच्या अवस्था लिंक, व्हिजिटेड, होव्हर, ॲक्टिव्ह याच क्रमाने द्यायच्या असतात, कारण चौघींचे वजन सारखे असल्याने नंतर लिहिलेली जिंकते.

दोन नियम एकाच एलिमेंटला भिडले तर कोणाचे वजन जास्त, हे ठरवणाऱ्या विशिष्टतेबाबत मात्र अनेक चीटशीट चक्क चुकीचे सांगतात. आयडीला १००, क्लासला १० आणि टॅगला १ असे गुण देऊन बेरीज करा, असे त्यांत छापलेले असते. या हिशेबाने ११ क्लास मिळून एका आयडीला हरवायला हवेत. ते हरवत नाहीत. विशिष्टता हे तीन स्वतंत्र रकाने आहेत : आधी आयडींची संख्या पाहायची, ती सारखी असेल तरच क्लासची, आणि तीही सारखी असेल तरच टॅगची. एका रकान्यातून दुसऱ्यात हातचा जात नाही. ज्या चीटशीटमध्ये ही बेरीज दिसेल तिच्या बाकीच्या माहितीकडेही सावधपणे पाहावे.

खोके आणि मोजमाप

बॉक्स मॉडेलची आकृती नसलेली चीटशीट सहसा सापडत नाही : आत मजकूर, भोवती पॅडिंग, मग बॉर्डर, सर्वांत बाहेर मार्जिन. आकृती सोपी आहे, हिशेब फसवा. रुंदी ३०० पिक्सेल, दोन्ही बाजूंना २० चे पॅडिंग आणि १ ची बॉर्डर दिली तर खोके पडद्यावर ३४२ पिक्सेल व्यापते, कारण मुळात 'विड्थ' म्हणजे फक्त मजकुराची रुंदी. 'बॉक्स-सायझिंग: बॉर्डर-बॉक्स' दिले की पॅडिंग आणि बॉर्डर ३०० च्या आतच बसतात. उभ्या मार्जिनांचे एकमेकांत विरघळणे आकृतीत दाखवता येत नाही, म्हणून ते तळटीपेत तरी हवे : एकाखाली एक असलेल्या दोन परिच्छेदांची ३० आणि २० ची मार्जिन मिळून ५० होत नाहीत, मोठे तेवढे ३० उरते. फ्लेक्स आणि ग्रिडमध्ये असे होत नाही.

एककांपैकी पिक्सेल, टक्के, एम, रेम, व्हीडब्ल्यू आणि व्हीएच (खिडकीच्या रुंदी-उंचीवरून मोजली जाणारी), आणि ग्रिडपुरते एफआर (उरलेल्या जागेचा वाटा) एवढी रोज लागतात. सीएसएसमध्ये १ इंच म्हणजे ९६ पिक्सेल असे ठरलेले आहे, पडद्यावर पट्टी लावून मोजले तर ते जुळेलच असे नाही. एम हे एकक थराथराने वाढते. १६ पिक्सेलच्या पानावर यादीला १.२ एम दिले आणि यादीत यादी, तिच्यात आणखी एक यादी असेल तर अक्षर १९.२, मग २३.०४, मग २७.६५ पिक्सेलच्या आसपास पोचते. रेम नेहमी मूळ एलिमेंटवरून मोजले जात असल्याने त्याला ही अडचण नाही.

आखूड रूपे

अनेक प्रॉपर्टींच्या व्हॅल्यू एकाच ओळीत लिहिणे म्हणजे आखूड रूप. मार्जिन-पॅडिंगच्या चार बाजूंचा क्रम वर, उजवीकडे, खाली, डावीकडे, म्हणजे घड्याळाच्या काट्यांप्रमाणे. तीन व्हॅल्यू दिल्या तर मधली डावी-उजवी दोन्हींसाठी. 'फॉन्ट' च्या आखूड रूपात आकार आणि फॉन्टकुळाचे नाव सक्तीचे, लाइन-हाइट आकारानंतर तिरक्या रेघेने, नाव सर्वांत शेवटी. ही आठवण चीटशीट छान देते. जे ती सांगत नाही ते असे की आखूड रूपात न लिहिलेले सर्व भागही आरंभीच्या व्हॅल्यूवर जातात. वर 'बॅकग्राउंड-इमेज' ने चित्र लावले आणि खाली नुसते 'बॅकग्राउंड' लिहून रंग दिला की चित्र गेले.

फ्लेक्स आणि ग्रिड

चीटशीट खऱ्या अर्थाने कामाला येते ती इथे. 'जस्टिफाय' आणि 'अलाइन' यांच्या जोड्या कुणाच्याच पक्क्या लक्षात राहत नाहीत. 'जस्टिफाय-कंटेंट' मुख्य अक्षावर, म्हणजे खोकी ज्या दिशेने मांडली जातात त्या दिशेने, चालते, 'अलाइन-आयटम्स' त्याला छेदणाऱ्या अक्षावर. आकृत्या जवळजवळ नेहमी आडव्या ओळीच्या असतात, त्यामुळे पहिले म्हणजे डावे-उजवे आणि दुसरे म्हणजे वर-खाली अशी समजूत होते. 'फ्लेक्स-डिरेक्शन: कॉलम' करताच ती उलटी पडते.

दुसरी नेहमीची अडचण अशी : दोन रकान्यांपैकी एकाला 'फ्लेक्स: १' दिले, त्यात एखादा न तुटणारा लांबलचक वेबपत्ता आला, आणि रकाना आकसण्याऐवजी पानाबाहेर पसरला. आकसण्याची परवानगी 'फ्लेक्स-श्रिंक' ने आधीच दिलेली असते, पण फ्लेक्स आयटमची 'मिन-विड्थ' शून्य नसून 'ऑटो' असते आणि ती मजकुराच्या किमान रुंदीखाली जाऊ देत नाही. 'मिन-विड्थ: ०' लिहिले की सुटते. ग्रिडमध्येही १ एफआर असाच अडतो, तिथे 'मिनमॅक्स' मध्ये शून्य आणि १ एफआर द्यायचे. ही एक ओळ असलेली चीटशीट नसलेलीपेक्षा कितीतरी उपयोगी.

कालबाह्यता

चीटशीटवर तारीख नसेल तर ती वापरू नये. फ्लेक्सबॉक्सच्या २००९ च्या मसुद्यात 'डिस्प्ले: बॉक्स' होते, २०११ मध्ये 'फ्लेक्सबॉक्स' झाले आणि २०१२ मध्ये आजचे 'फ्लेक्स' आले, तिन्ही काळांतली पाने अजून फिरत असतात. ग्रिड मार्च २०१७ मध्ये क्रोम, फायरफॉक्स आणि सफारीत पाठोपाठ आले, त्यामुळे त्याआधीच्या पानांवर मांडणीसाठी फ्लोटच्या (खोके एका कडेला सरकवण्याच्या) क्लृप्त्या भरलेल्या दिसतात. गोल कोपऱ्यांसाठी 'वेबकिट' आणि 'मोझ' हे ब्राउझरचे उपसर्ग लावलेली दोन आणि साधे एक अशी तीन-तीन रूपे दिसली तर पान जुने समजावे. उलट लेयर, कंटेनर क्वेरी, नेस्टिंग आणि 'हॅज' या भाषेतल्या नव्या सोयी; हे २०२२ आणि २०२३ या वर्षांत ब्राउझरांत रुळले. ते नसतील तर पान त्याआधीचे.

वापर

शोधून घेतलेली ओळ तशीच चिकटवून पुढे जाण्यापेक्षा ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समध्ये ती त्या एलिमेंटवर लागली का ते पाहावे. न कळलेली किंवा दुसऱ्या नियमाने मात केलेली ओळ तिथे काट मारून दाखवतात. पान जे सांगत नाही ते इथे कळते. फायरफॉक्स तर लिहायला बरोबर पण त्या ठिकाणी निरुपयोगी असलेली ओळ फिकी करून कारणही देतो. नेहमी अडणाऱ्या दहाबारा गोष्टींची स्वतःची चीटशीट हाताने लिहून काढणे सर्वांत चांगले. दुसऱ्याने केलेल्या पानात त्याचे अडलेले प्रश्न असतात.

देवनागरी पानांसाठी अशा कागदावर दोन नोंदी हव्यातच, कारण प्रचलित चीटशीट रोमन अक्षरे डोळ्यांपुढे ठेवून केलेल्या असतात. 'लेटर-स्पेसिंग' वाढवले की शिरोरेषा तुटते, म्हणून शीर्षकात मोकळेपणा हवा असेल तर 'वर्ड-स्पेसिंग' वापरावे. आणि वर वेलांटी-मात्रा, खाली उकार-ऋकार येत असल्याने लाइन-हाइट रोमन मजकुरापेक्षा थोडी जास्त ठेवावी.