जीवनचक्र मूल्यमापन

एखादी वस्तू, इमारत, वाहन किंवा सेवा पर्यावरणाला किती महाग पडते, हे तिच्या जन्मापासून मोडीत निघेपर्यंत आकड्यांत मोजण्याची अभियांत्रिकी पद्धत. कच्चा माल खाणीतून निघतो तिथे हिशेब सुरू होतो आणि राडारोडा किंवा भंगार जिथे जाऊन पडते तिथे संपतो. कार्बन पदचिन्ह (हरितगृह वायूंचा हिशेब) आणि जलपदचिन्ह (पाण्याचा हिशेब) ही याच वहीची सुटी पाने. ‘गृह’सारखी हरित इमारतींची मानांकने मात्र वेगळी. त्यांत निकषांना गुण दिलेले असतात, त्यामुळे पाच तारे मिळाले म्हणजे पूर्ण हिशेब झाला असे नव्हे.

१९६९ मध्ये कोका-कोला कंपनीने शीतपेयांच्या निरनिराळ्या वेष्टनांची तुलना करून घेतली, तेव्हापासून ही पद्धत सुरू झाली असे मानतात. आज ती आयएसओ १४०४० आणि १४०४४ या मानकांनुसार चालते. तिचे टप्पे चार : उद्देश व व्याप्ती ठरवणे, आवक-जावक यादी (किती माल आणि ऊर्जा आत गेली, काय बाहेर पडले) करणे, त्या यादीचे परिणामांत रूपांतर करणे आणि शेवटी अर्थ लावणे. सगळ्यात जास्त मेहनत यादीला लागते, पण निकाल बहुधा पहिल्याच टप्प्यावर ठरून जातो. तिथे ‘कार्यात्मक एकक’ निवडतात, म्हणजे प्रदूषण कशाच्या मागे मोजायचे ते. शाळेतल्या भाषेत सांगायचे तर अंशावर फारसे वाद होत नाहीत, भांडण असते ते छेदात काय लिहायचे याचे.

पुण्यात याचे ठळक उदाहरण विद्यापीठ चौकात घडले. पुलाच्या काँक्रीटमधले सिमेंट हा कार्बनच्या दृष्टीने जड माल. १०० किलो शुद्ध चुनखडी भाजली की ५६ किलो चुना उरतो आणि ४४ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, भट्टीच्या इंधनाचा धूर वेगळाच. औष्णिक केंद्रातली राख ३५ टक्क्यांपर्यंत मिसळलेले सिमेंट वापरले तर हा अंश बराच घटतो. इंडियन रोड्स काँग्रेसच्या संहितेनुसार पुलाचे आयुष्य साधारण १०० वर्षे धरून आराखडा करतात. विद्यापीठ चौकातला उड्डाणपूल मात्र सुमारे दीड दशकातच, जुलै २०२० मध्ये, मेट्रो आणि नव्या दुमजली पुलासाठी पाडण्यात आला. तेच सिमेंट शंभराऐवजी पंधराने भागले की दर वर्षाचा भार जवळपास सातपट होतो. राख मिसळून होणारी बचत या वाढीसमोर किरकोळ ठरते. तिशी-पस्तिशीत पुनर्विकासाला निघालेल्या कोथरूडच्या सोसायट्यांनाही हाच भागाकार लागू आहे.

बसचा हिशेब जास्त गुंतागुंतीचा. पीएमपीच्या, म्हणजे पुण्याच्या शहर बससेवेच्या, ताफ्यात २०१९ पासून विजेवरच्या बस आल्या. अशी बस किलोमीटरला १.२ युनिट वीज घेते असे धरू. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या आकडेवारीनुसार देशाच्या ग्रिडवर युनिटमागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड पडतो, म्हणजे किलोमीटरला ०.८४ किलो. एक किलो सीएनजी जळला की २.७५ किलो निघतो. बस त्यावर तीन किलोमीटर गेली तर ०.९२ किलो. जवळपास बरोबरीच! पण सीएनजी म्हणजे मिथेन, आणि न जळता गळालेला मिथेन शंभर वर्षांच्या मापाने कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट तापदायक. पुरवठ्यात एक टक्का गळती धरली तर सीएनजीचा भार दहा टक्क्यांनी वाढतो. मुदत वीस वर्षांची घेतली तर हीच वाढ तीस टक्क्यांच्या आसपास जाते. इंधन तेच, गळतीही तेवढीच, बदलली ती फक्त मुदत. त्यात छेदात ‘बस-किलोमीटर’ऐवजी ‘प्रवासी-किलोमीटर’ लिहिले, तर सकाळची साठ प्रवाशांनी खचाखच भरलेली बस दुपारच्या सहा प्रवाशांच्या बसपेक्षा दहापट सरस ठरते, मग ती कशावरही धावो. आणि विजेच्या बसचा धूर स्वारगेटला न निघता चंद्रपूर-कोराडीच्या चिमण्यांतून निघतो. तो कोण हुंगतो हे कार्बनच्या आकड्याला कळत नाही, त्यासाठी आरोग्यावरील परिणामांचा रकाना वेगळा मांडावा लागतो.

छेदाइतकीच निर्णायक असते प्रणालीची सीमा, म्हणजे हिशेबात कुठपर्यंतचे धरायचे ती रेषा. गच्चीवरच्या सोलरने १०० लिटर पाणी २५ वरून ६० अंशांवर नेले की साधारण ४ युनिट, म्हणजे २.८ किलो कार्बन डायऑक्साइड वाचतो. ही झाली टाकीपाशी आखलेली सीमा. प्रत्यक्षात खालच्या मजल्यावर सकाळी पहिली बादली गारच येते. ते काल तापलेले आणि रात्रभर नळीत निवलेले पाणी असते. सीमा नळाच्या तोटीपर्यंत आणली की ती उष्णता वजा करावी लागते आणि मोरीत सोडून दिलेली बादली पाण्याच्या खात्यावर चढते. यावर उपाय म्हणून सोसायटीने रिटर्न लाइन (नळीतले पाणी पुन्हा टाकीकडे फिरवणारी नळी) टाकली, तर तिच्या पंपाची वीजही हिशेबात धरावी लागते.