रोज लेख टाकला की गूगलमध्ये दुकान वर येतं?

छोट्या व्यावसायिकांना हा सल्ला वर्षानुवर्षं दिला जातोय: ब्लॉगवर रोज काहीतरी टाका, प्रत्येक लेख हजार शब्दांचा करा, मग गूगल आपोआप वर आणेल. तसं काही होत नाही. गूगलने शब्दसंख्येची कोणतीही अट ठेवलेली नाही, आणि रोज लिहिण्याचे वेगळे गुणही मिळत नाहीत.

उलट नुकसान होतं. घाईघाईत एकाच प्रश्नावर चार पातळ लेख लिहिले की ते एकमेकांचीच जागा खातात, आणि सर्च कन्सोलमध्ये (आपली साइट गूगल शोधात कशी दिसते ते दाखवणारं गूगलचं साधन) ‘क्रॉल केलं, पण इंडेक्स नाही’, म्हणजे गूगलने पाहिलं पण शोधासाठी नोंदवलं नाही, या यादीत पानं साचू लागतात. अशा वेळी चारांचा एक भक्कम लेख करा आणि जुन्या लेखांचे वेबपत्ते ३०१ रीडायरेक्टने (जुन्या पत्त्यावर आलेल्याला कायमचं नव्या पत्त्यावर पाठवणारी सोय) त्याकडे वळवा. नुसते उडवून टाकू नका, नाहीतर त्यांना बाहेरून मिळालेले दुवे वाया जातात.

विषय कुठून आणायचे? गिऱ्हाईक फोनवर जे विचारतं तेच: किती दिवस लागतील, दुरुस्ती परवडेल की नवीन घ्यावं. प्रश्न त्याच्याच शब्दांत शीर्षकात, उत्तर पहिल्या दोन-तीन वाक्यांत, तपशील आणि फोटो नंतर. सर्च कन्सोलच्या परफॉर्मन्स अहवालात १६ महिन्यांपर्यंतचे शोधशब्द दिसतात. शोधात भरपूर दिसणारं पण कमी क्लिक मिळणारं पान आधी सुधारा.

मजकूर तोच ठेवून फक्त तारीख बदलणं ही निव्वळ फसवाफसवी. कीवर्ड्सचा मेटा टॅग (पानाच्या कोडमध्ये लपलेली शोधशब्दांची यादी) भरत बसणाऱ्यांनी तर तो नाद सोडावाच, कारण क्रमवारीसाठी तो वापरत नसल्याचं गूगलने २००९ मध्येच जाहीर केलंय.